खडीच्या पासापासून लोखंडाच्या खाणीपर्यंत: सरकार खनिजाचे पैसे कसं घेतं

पुण्यात एखादी इमारत उभी राहते तेव्हा तिच्यात किती सरकारी मालमत्ता मुरली आहे, याचा हिशेब सहसा कुणी करत नाही. सिमेंटच्या पोत्यावर किंमत छापलेली असते, सळईचा भाव साइटवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. पण स्लॅबमधली खडी, जोत्यात भरलेला मुरूम, प्लास्टरची क्रश सँड म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, हे सगळं जमिनीतून निघालं तेव्हा राज्य सरकारच्या मालकीचं होतं. कंत्राटदाराच्या हिशेबात ‘रॉयल्टी’ म्हणून जो खर्च धरलेला असतो, तो या मालकीचा मोबदला. सरकारी कागदावर त्याला स्वामित्वधन म्हणतात.

महाराष्ट्रात दगड, खडी, मुरूम अशा बहुतेक गौण खनिजांसाठी 2021 च्या जुलैपासून हा दर ब्रासला 600 रुपये आहे. त्याआधी तो 400 होता. ब्रास म्हणजे 100 घनफूट. वाघोली किंवा मोशीच्या खाणीतून पाच ब्रासचा हायवा भरून निघाला, की त्यातले 3000 रुपये सरकारचे. खाणीमुळे त्रास होणाऱ्यांसाठीच्या जिल्हा खनिज निधीची रक्कम त्यावर वेगळी.

हे पैसे प्रत्यक्षात जमा कसे होतात ते बघण्यासारखं आहे. खाणपट्टाधारक ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीत आधी स्वामित्वधन भरतो. तेवढ्या ब्रासची शिल्लक त्याच्या नावावर दिसते आणि गाडी भरेल तशी ती कमी होत जाते. प्रत्येक फेरीला वाहतूक पास निघतो. पासावर गाडीचा नंबर, खनिजाचं नाव, किती ब्रास, कुठून कुठे आणि किती वाजेपर्यंत हे सगळं असतं. यातली वेळेची नोंद सर्वांत महत्त्वाची. वाघोलीहून खराडीला जायला पास दिवसभर चालत असेल, तर त्याच पासावर दुसरी फेरी सहज होते आणि दुसऱ्या फेरीचे 3000 रुपये सरकारला मिळतच नाहीत. तलाठी आणि मंडळ अधिकारी रस्त्यात गाडी अडवतात तेव्हा आधी वेळ बघतात, ती याचसाठी. पास नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडीही जप्त होते.

पण दगड सरकारचा कसा? सातबारा तर शेतकऱ्याच्या नावावर असतो. त्याचं उत्तर याच कलम 48 मध्ये आहे. जमिनीच्या वर असो वा पोटात, खनिजावरचा हक्क राज्य सरकारने स्वतःकडे राखून ठेवल्याचं ते स्पष्ट सांगतं. म्हणून खेड किंवा हवेली तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या रानात चांगला काळा पाषाण लागला, तरी तो परवानगीशिवाय काढून विकता येत नाही. क्रशरवाला त्याला जमीन वापरू दिल्याचे पैसे देतो, दगडाचे पैसे सरकारला. देशात सगळीकडे असं नाही. केरळमधल्या मलबारच्या जमीनमालकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कायद्याने मालकी काढून घेतलेली नसेल, तर जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचंच, असं न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं. आपल्याकडे तसा कायदा आहे, म्हणून उत्तर वेगळं.

या मालकीला मर्यादा कुठे, याचा एक महत्त्वाचा निकाल पुण्यातूनच गेलेल्या प्रकरणात लागला. इमारतीच्या तळघरासाठी आणि पायासाठी बिल्डर जी माती खणतात, तिच्यावर महसूल खात्याने स्वामित्वधन आणि दंड मागितला. पुण्यातली बांधकाम व्यावसायिकांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. केंद्राच्या फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेत साधी माती सरसकट गौण खनिज धरलेली नव्हती. भराव टाकण्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरलेली माती तेवढी धरली होती. न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: नुसतं खणलं म्हणून पैसे लागत नाहीत, त्या मातीचं पुढे काय केलं हे बघावं लागेल. पुढच्याच वर्षी राज्याने नियमात दुरुस्ती केली. त्याच प्लॉटच्या विकासात निघालेली आणि त्याच प्लॉटवर वापरलेली माती स्वामित्वधनातून सुटली. ती बाहेर नेऊन दुसरीकडे टाकली की मात्र पैसे भरावे लागतात.

मला हा निकाल योग्य वाटतो. सरकारचा हक्क खनिजाच्या किमतीवर आहे. जिथे खनिज म्हणून काही विकलं किंवा वापरलंच गेलं नाही, तिथे किंमत मागायची कशाची?

आता मुख्य प्रश्न. दर ठरवायचा तो कशावर? वजनावर, भावावर की नफ्यावर? ज्यांच्या घरची शेती दुसरा कुणी कसतो, त्यांना याचं उत्तर लवकर कळेल. खंडाने दिलेल्या जमिनीत मालकाला ठरलेली रक्कम मिळते, पीक येवो न येवो, भाव चढो की पडो. वाट्याने दिली तर पिकाच्या किमतीत हिस्सा मिळतो, पण मग मळणीच्या वेळी खळ्यावर हजर राहावं लागतं. आणि खर्च वजा जाता उरेल त्यात हिस्सा असं ठरलं, तर बी-बियाणं, मजुरी, औषधं यांच्या प्रत्येक पावतीवर वाद होतो. सरकार आणि खाण कंपन्या यांच्यातले करार याच तीन प्रकारांत येतात.

आपली ब्रासला 600 रुपयांची पद्धत पहिल्या प्रकारातली. मोजायला सोपी, चोरी पकडायला सोपी, कारण फक्त गाड्या मोजायच्या असतात. खडीसारख्या मालाला ती ठीकही आहे, कारण खडीचा भाव एका वर्षात तिप्पट होत नाही. लोखंडाच्या बाबतीत याच पद्धतीने देशाचं किती नुकसान झालं, हे मात्र समजून घेतलं पाहिजे.

ऑगस्ट 2009 पर्यंत लोहखनिजावरचं स्वामित्वधन टनामागे ठरलेलं होतं आणि सर्वांत चांगल्या प्रतीच्या खनिजालाही ते 27 रुपयेच होतं. त्याच काळात चीनची मागणी वाढली आणि जागतिक बाजारात लोहखनिजाचा भाव टनाला 100 डॉलरच्या वर गेला. गोव्यातून आणि कर्नाटकातल्या बळ्ळारीतून जहाजंच्या जहाजं भरून माल गेला. ज्याची किंमत हजारो रुपये होती त्यातून जनतेच्या तिजोरीत टनामागे जास्तीत जास्त 27 रुपये आले. बाकीचा पैसा कुठे गेला आणि त्यातून कसं राजकारण उभं राहिलं, ते कर्नाटकच्या लोकायुक्तांच्या 2011 च्या अहवालात आणि बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाच्या अहवालांत वाचायला मिळतं. भाव वाढल्यावर दर वाढवला असता तर? केंद्रीय खाण कायद्यानुसार स्वामित्वधनाचा दर तीन वर्षांत एकदाच वाढवता येतो. बाजार इतका वेळ थांबत नाही.

म्हणून 2009 मध्ये लोहखनिज दुसऱ्या प्रकारात आलं: विक्रीच्या किमतीच्या 10 टक्के. 2014 मध्ये ते 15 टक्के झालं. दगडी कोळशावर 14 टक्के आहे. चुनखडीवर मात्र अजून टनाला 80 रुपये असा ठोक दर आहे, म्हणजे आपल्या सिमेंटच्या पोत्यात पहिला प्रकार चालतो आणि सळईत दुसरा.

टक्केवारी आली की पुढचा प्रश्न येतो: टक्के कोणत्या किमतीचे? कंपनीने आपल्याच पोलाद कारखान्याला माल दिला, तर ती किंमत कागदावर काहीही लिहू शकते. यावर उपाय म्हणून नागपूरची भारतीय खाण ब्युरो ही केंद्रीय संस्था दर महिन्याला प्रत्येक राज्यासाठी आणि खनिजाच्या प्रत्येक प्रतीसाठी सरासरी विक्री किंमत जाहीर करते. स्वामित्वधन त्या किमतीवर आकारलं जातं, कंपनीच्या बिलावर नव्हे. त्यामुळे खोट्या बिलाचा फायदा कमी झाला, पण खोट्या प्रतीचा फायदा तसाच राहिला. 63 टक्के लोहाचा माल 59 टक्क्यांचा म्हणून दाखवला की तो स्वस्त गटात जातो. ही चोरी काट्यावर सापडत नाही, प्रयोगशाळेत सापडते. म्हणून नमुना कोण घेतं आणि तो कोण तपासतं, हे दराइतकंच महत्त्वाचं आहे.

या सरासरी किमतीत आणखी एक गुंता आहे आणि तो पुण्यात मुख्यालय असलेल्या किर्लोस्कर फेरस या कंपनीनेच सर्वोच्च न्यायालयात मांडला. उदाहरण घेऊ. समजा खनिजाची मूळ किंमत 5000 रुपये आहे. त्यावर 15 टक्के म्हणजे 750 रुपये स्वामित्वधन. विकणारा ते गिऱ्हाइकाकडून वसूल करतो, म्हणून बिल 5750 चं होतं. ब्युरो सरासरी काढताना हेच 5750 धरते, कारण नियमाप्रमाणे विक्री किमतीतून स्वामित्वधन वजा करायचं नाही. पुढच्या वेळी 15 टक्के लागतात ते 5750 वर, म्हणजे 862 रुपये 50 पैसे. स्वामित्वधनावर स्वामित्वधन. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने नियम रद्द केला नाही. पण या विषयावर सरकारने सुरू केलेली सल्लामसलत दोन महिन्यांत पूर्ण करा, असं सांगितलं. कंपनीची तक्रार मला गणिताने पटते. राज्याला जास्त पैसे हवे असतील तर त्याने 15 चे 17 टक्के मागावेत, म्हणजे सगळ्यांना दिसेल. मोजण्याच्या रीतीत लपलेली वाढ लोकशाहीत चांगली नाही, मग ती सरकारच्या फायद्याची का असेना.

तिसरा प्रकार, नफ्यातला हिस्सा, आपल्याकडे स्वामित्वधनात नाही. तेलाच्या बाबतीत नॉर्वे कंपन्यांच्या नफ्यावर 78 टक्क्यांपर्यंत कर घेतं आणि तरी कंपन्या तिथे विहिरी खणतात, कारण नफा झाला तरच द्यावा लागतो. पण त्यासाठी कंपनीचा प्रत्येक खर्च तपासू शकणारी कर यंत्रणा लागते. खर्च फुगवून नफा शून्यावर आणणं काही अवघड नसतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने मधली वाट काढली आहे. तिथे कोळशाचा भाव चढेल तशी टक्केवारीही चढते आणि 2022 पासून सर्वांत वरच्या टप्प्यात ती 40 टक्क्यांवर गेली आहे. खर्चाचे वाद नाहीत आणि तेजीतला हिस्साही सुटत नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिका आहे. तिथल्या केंद्र सरकारी जमिनीवरच्या सोन्या-तांब्यासाठी अजून 1872 चा कायदा चालतो आणि त्यात स्वामित्वधनच नाही.

खाण घेऊन ती बंद ठेवली तर? भाव वाढेपर्यंत थांबायचं आणि दुसऱ्या कुणाला शिरू द्यायचं नाही, असं कंपन्या करतात. त्यासाठी ‘डेड रेंट’ असतं, हेक्टरी ठरलेलं किमान भाडं. स्वामित्वधन आणि हे भाडं यातलं जे जास्त असेल ते भरायचं. रक्कम बहुधा इतकी लहान असते की तिने कुणी खाण सुरू करेल असं वाटत नाही.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न होता, ज्याकडे देशाने अनेक दशकं दुर्लक्ष केलं: खाण मिळणार कुणाला? स्वामित्वधनाचा दर सगळ्यांना सारखाच. मग ज्याच्या अर्जावर मंत्रालयात सही झाली त्याला अब्जावधींचा साठा त्याच दरात मिळायचा. कोळशाच्या खाणी अशा वाटल्याने खासगी कंपन्यांना 1.86 लाख कोटी रुपयांचा लाभ झाल्याचा अंदाज महालेखापरीक्षकांनी 2012 मध्ये मांडला. त्या आकड्यावर वाद झाले, पण सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 214 कोळसा खाणींचं वाटप रद्द केलं. जानेवारी 2015 पासून कोळशाशिवायच्या मोठ्या खनिजांसाठीही लिलाव आला. लिलावात बोली लागते ती टक्केवारीची: निघालेल्या खनिजाच्या किमतीतले किती टक्के मी राज्याला देईन. हे स्वामित्वधनाच्या वर, वेगळं.

2020 मध्ये ओडिशातल्या लोहखनिजाच्या खाणींवर 100 टक्क्यांच्या वर बोली लागल्या. म्हणजे टनाची जाहीर सरासरी किंमत 4000 असेल तर सगळे 4000 राज्याला, शिवाय वर काही, शिवाय 15 टक्के स्वामित्वधन. पहिल्यांदा वाचलं तर हे खरं वाटत नाही. पण बोली लावणाऱ्यांत बरेच पोलाद उत्पादक होते. त्यांचा नफा पोलादात होतो आणि जुन्या खाणींची मुदत मार्च 2020 मध्ये संपत असताना भट्टी थंड पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. ओडिशाच्या तिजोरीत त्यातून खूप पैसा आला. मात्र काही बोलीदारांनी पुढे खाणी परतही केल्या. शिवाय जितका हिस्सा मोठा, तितकी प्रत कमी दाखवण्याची ओढ मोठी. 15 टक्क्यांवर जी लबाडी थोड्या रुपयांची होती, ती 130 टक्क्यांवर हजारोंची होते.

स्वामित्वधन हा कर आहे की किंमत, यावर तर 35 वर्षं वाद चालला. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तो कर असल्याचं लिहिलं. 2004 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटलं की ती छपाईची चूक होती, त्या वाक्यात ‘स्वामित्वधनावरचा उपकर हा कर आहे’ असं हवं होतं. शेवटी 25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की स्वामित्वधन हा कर नाही. खाण भाडेपट्ट्याने घेणाऱ्याने मालकाला खनिज काढण्याच्या हक्काबद्दल दिलेला तो मोबदला आहे. मुख्य निकाल लिहिला तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, ज्यांचं घराणं मूळ खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. कर नाही म्हटल्यामुळे राज्यांना खनिजाच्या हक्कांवर आणि खाणींच्या जमिनीवर वेगळा कर लावायची मोकळीक मिळाली. पुढच्या आदेशात 1 एप्रिल 2005 पासूनची थकबाकी 1 एप्रिल 2026 पासून बारा वर्षांत विभागून घेण्याचीही परवानगी दिली. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. प्रत्येक राज्य आपापला कर लावू लागलं तर राज्याराज्यांत अनिष्ट स्पर्धा सुरू होईल, ही त्यांची काळजी. ती मला रास्त वाटते, पण किंमत आणि कर यांतला फरक बहुमताने बरोबर ओळखला असं माझं मत आहे. कर कायद्याच्या सक्तीने घेतला जातो, किंमत मालमत्तेच्या बदल्यात. खनिज विकलं की मालमत्ता कायमची जाते, पुढच्या पिढीला तो डोंगर परत मिळत नाही.

म्हणूनच आलेल्या पैशाचं काय करायचं हा प्रश्न दराइतकाच मोठा आहे. गोव्याच्या प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले. देशात 2015 पासून प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणी स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम आणि लिलावात गेलेल्या 10 टक्के रक्कम तिथे भरतात. कायद्याने हा पैसा खाणीमुळे ज्यांना त्रास झाला त्यांच्यासाठी आहे. पाणी, दवाखाना, शाळा, धूळ यांवर त्याचा मोठा भाग जायला हवा. क्रशरच्या धुळीत राहणाऱ्या खाणमजुरांच्या वस्त्या या हक्काच्या रांगेत पहिल्या आहेत. त्यांच्याऐवजी भलत्याच रस्त्याचं डांबरीकरण झालं, तर ते त्यांच्या हक्काचे पैसे दुसऱ्याला दिल्यासारखं आहे, आणि मला त्याचा राग येतो.

आपल्या भागातल्या खाणीचा हिशेब तपासायचा असेल तर तो सामान्य माणसालाही जमतो. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत माहितीच्या अधिकारात अर्ज करून खाणपट्ट्याची मंजूर मर्यादा, वर्षभरात निघालेल्या वाहतूक पासांची बेरीज आणि खाणीच्या मोजणीचा अहवाल मागावा. मोजणी आता ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राने किंवा ड्रोनने होते, म्हणजे खड्डा किती घनमीटर वाढला हे कागदावर असतं. एक काळजी घ्यावी लागते. अखंड कातळ फोडला की तो फुगतो आणि एक ब्रास कातळाची साधारण दीड ब्रास सुटी खडी होते. म्हणून खड्ड्याचं माप ब्रासमध्ये करून त्यात तेवढी वाढ धरावी. तो आकडा पासांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा येत असेल, तर मधल्या ब्रासला 600 ने गुणायचं आणि तो आकडा तहसीलदारांकडे लेखी द्यायचा.